मुलाचा पहिला गेमिंग कॉम्प्युटर : पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडकडील आपल्या व्यापारी व कारागीर घरांतून हल्ली एक मागणी हमखास ऐकू येते. मुलगा दहावी-बारावी झाला की मोबाइलवर त्याचे समाधान होत नाही. त्याला गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर हवा असतो. बापाला कॉम्प्युटरमधले कळत नाही आणि मुलाला पैशातले कळत नाही. मग दोघे मिळून दुकानात जातात. दुकानदार काचेच्या पेटीत लाल-निळे दिवे लावलेला तयार माल दाखवतो, मुलाचे डोळे दिपतात, आणि रक्कम कमी पडली की ‘हप्त्यावर घ्या की’ असे उत्तर तयार असते. ईदच्या सीझनमध्ये हाती राहिलेला नफा अशा रीतीने एका पेटीत जातो, आणि वर व्याजाचा धागा गळ्यात पडतो तो वेगळाच.

हा लेख गेमची भलामण करण्यासाठी नाही. नमाज, अभ्यास आणि दुकान सांभाळून किती वेळ खेळावे हे ज्या त्या घराने ठरवावे. एक गोष्ट मात्र साफ असावी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा जुगारच होय. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली आहे. येथे विषय आहे तो साध्या खेळांच्या कॉम्प्युटरचा. तोच कॉम्प्युटर दुकानाचा हिशोब, जीएसटीचे रिटर्न, एम्ब्रॉयडरीची डिझाइन, लग्नाच्या व्हिडिओचे काम हेही करतो, म्हणून त्याच्याकडे निव्वळ खेळणे म्हणून पाहण्याचे कारण नाही.

मुख्य म्हणणे असे की, पहिला कॉम्प्युटर एका दमात पुरा घेण्याची गरज नाही. भाग असे निवडता येतात की आज रोख पैशात चालता कॉम्प्युटर उभा राहतो, आणि त्यातला सर्वांत महाग भाग, म्हणजे ग्राफिक कार्ड, सहा-आठ महिन्यांनी पैसा जमल्यावर त्याच पेटीत बसवता येते. मात्र पहिल्या दिवशीच्या दोन-तीन निवडी अचूक व्हाव्या लागतात. त्या चुकल्या तर पुढे कार्ड बसत नाही, किंवा बसवण्यासाठी आधीचे सामान काढून टाकावे लागते.

‘नो कॉस्ट’ हप्त्याचा खुलासा

पुष्कळ बंधूंचा असा समज आहे की ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज नसते. वस्तुस्थिती वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत मनाई केली. त्यानंतर पद्धत अशी पडली की दुकानदार किंवा कंपनी व्याजाइतकी सूट आधी देते आणि बँक तेवढेच व्याज हप्त्यांतून वसूल करते. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाची रक्कम वेगळी दिसते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बहुधा प्रोसेसिंग फीही असते. म्हणजे हिशोब जुळवून दाखवला तरी करार व्याजाचाच राहतो. शिवाय जी सूट व्याजात जिरते, ती रोखीच्या गिऱ्हाइकाने मागितली तर अनेकदा त्यालाही मिळते. आपण स्वतः काउंटरवर बसणारे लोक आहोत, हे आपल्याला सांगायला नको.

यावर उपाय जुनाच आहे. चार-पाच विश्वासू माणसांची, लिलाव नसलेली बीसी लावावी, किंवा गल्ल्यातून दर आठवड्याला ठरावीक रक्कम बाजूला काढावी. पहिला टप्पा आपल्याजवळच्या रोख रकमेत बसवावा आणि दुसरा टप्पा बीसी लागेल तेव्हा. मुलालाही त्यात कमाईचा वाटा घालायला लावला तर वस्तूची किंमत त्याला अधिक कळेल.

कोणता भाग काय करतो

भिवंडी किंवा मालेगावचा लूमचा शेड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. प्रोसेसर म्हणजे शेडमधले मोजके हुशार मास्तर. ते अवघड निर्णय घेतात, पण हात थोडे. ग्राफिक कार्ड म्हणजे एकाच वेळी तीच वीण विणणारे शेकडो-हजारो माग. गेममध्ये पडद्यावरचा प्रत्येक बिंदू रंगवावा लागतो. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, आणि चित्र नितळ हलण्यासाठी ते सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने भरावे लागतात. हे काम मास्तरांचे नव्हे, मागांचे. म्हणून गेमच्या कॉम्प्युटरमध्ये पैशाचा मोठा हिस्सा शेवटी कार्डात जातो. फोर-के पडद्यावर बिंदू बरोबर चौपट होतात. तेवढ्यासाठी लागणारे कार्ड पहिल्या खरेदीत परवडत नाही. तेव्हा पडदा फुल एचडीच घ्यावा, २४ इंचाचा पुरे.

आता पहिल्या टप्प्याचा कळीचा मुद्दा. काही प्रोसेसरांच्या पोटातच लहानसा ग्राफिक भाग असतो. एएमडी कंपनीच्या मालात नावाच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर असेल तर हा भाग चांगल्यापैकी असतो. २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी, जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५६००जीटी, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आलेला नव्या घरातला ८६००जी हे या जातीचे आहेत. यांच्यावर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, माइनक्राफ्ट, जुना जीटीए ५ असे खेळ वेगळ्या कार्डाशिवाय, चित्राची प्रत थोडी कमी ठेवून, चालतात. नवे भारी खेळ चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या साध्या प्रोसेसरांतही ग्राफिक असते, पण ते हिशोबाला व व्हिडिओला पुरते, खेळाला अपुरे पडते.

येथे बाजारातला पहिला सापळा आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक अजिबात नसते. एएमडीचे रायझन ५ ५५०० व ५६०० हेही तसेच. हे प्रोसेसर वाईट नाहीत. ज्याला कार्ड त्याच दिवशी घ्यायचे आहे त्याच्यासाठी ते स्वस्त आणि चांगले आहेत. पण कार्डाशिवाय ते घेतले तर पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि मग दुकानदार नाइलाज दाखवून जीटी ७१० किंवा जीटी ७३० सारखे जुने कार्ड ‘तात्पुरते’ म्हणून गळ्यात मारतो. त्या कार्डावर पडदा उजळतो, खेळ चालत नाही. ते पैसे गेलेच म्हणून समजा.

जुने घर की नवे घर? ५६००जी ज्या मदरबोर्डावर बसतो त्या सॉकेटचे नाव एएम४. त्यात डीडीआर४ जातीची मेमरी लागते. ८६००जी हा एएम५ वर बसतो, हे घर २०२२ साली आले, त्याला डीडीआर५ मेमरी लागते. दोन्ही मेमरींच्या खाचा वेगळ्या असतात, एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. एएम५ चा फायदा असा की तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून पुढे जाता येते. एएम४ मध्ये हा रस्ता आता जवळजवळ संपला आहे. पण ज्याचे पाकीट हलके आहे त्याने एएम४ घ्यायला लाजू नये. फुल एचडी पडद्यावर आणि मध्यम कार्डाबरोबर तो आणखी काही वर्षे रडत नाही.

मेमरी : दोन पट्ट्या, एक नव्हे

पोटात ग्राफिक असलेल्या प्रोसेसरला स्वतःची मेमरी नसते. तो कॉम्प्युटरच्या मेमरीतूनच उधार घेतो. म्हणून मेमरी किती यापेक्षा ती कशी बसवली हे जास्त महत्त्वाचे. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्या लावल्या की ये-जा करायला दोन रस्ते मिळतात, आणि तोच प्रोसेसर खेळात ठळकपणे जास्त वेगाने चालतो. दुकानदार एक पट्टी देऊन ‘दुसरी नंतर लावा’ म्हणतो. कार्ड असलेल्या कॉम्प्युटरमध्ये ते एक वेळ चालेल, आपल्या पहिल्या टप्प्यात चालणार नाही. आणखी एक बारकावा. डब्यावर ३२०० किंवा ६००० असा वेग छापलेला असतो, पण मदरबोर्डाच्या बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय चालू केल्याशिवाय मेमरी बहुधा त्याहून मंद वेगात धावते. दुकानातून निघण्यापूर्वी ती चालू करून आकडा डोळ्यांनी पाहावा.

भावाचे म्हणाल तर सुताच्या भावासारखा प्रकार झाला आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे दर जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी सर्व्हर केंद्रे माल उचलू लागली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला ‘क्रूशल’ हा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा बाजारात गेल्या वर्षीच्या दराची यादी घेऊन जाणे निरर्थक. तीन दुकानांचे एकाच दिवसाचे लेखी कोटेशन घ्यावे. ३२ जीबीचा हव्यास सोडावा. डीडीआर४ च्या वापरलेल्या पट्ट्या तपासून घ्यायला हरकत नाही, कारण मेमरी वापराने फारशी झिजत नाही आणि तिची चाचणी घेणे सोपे असते.

ज्या भागात काटकसर करू नये

तो भाग म्हणजे पॉवर सप्लाय, बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘४५० वॅट’ असा स्टिकर चिकटवलेला एक हलका डबा फुकट येतो. हा डबा हातात घेऊन पाहावा. कापडाचे वजन जसे प्रत सांगते तसे येथेही बऱ्याच अंशी चालते. आत तांबे कमी, फिन लहान, वायरी बारीक. त्यावर ग्राफिक कार्ड टाकले की भर खेळात कॉम्प्युटर बंद पडतो, आणि वाईट दिवस असेल तर बरोबर मदरबोर्डही घेऊन जातो.

हिशोब असा करावा. प्रोसेसर सुमारे ६५ वॅटचा. पुढे घ्यायचे कार्ड आरटीएक्स ३०५० ६ जीबी असेल तर ७० वॅट, आरटीएक्स ४०६० असेल तर ११५, आरएक्स ६६०० असेल तर १३२, आरटीएक्स ५०६० असेल तर १४५. बाकीचे सामान मिळून आणखी ५०-६०. बेरीज तीनशेच्या आत राहते. तरीही नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ दर्जाचा, ५५० वॅटचा एसएमपीएस पहिल्याच दिवशी घ्यावा, कारण कार्ड क्षणभर उसळी मारते तेव्हा ती झेलायला मोकळीक लागते. त्यात कार्डासाठी आठ पिनांची जोडणी आहे ना, हे पाहावे. घराच्या प्लगला अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या चाळींत आणि पोटमाळ्यांवर तिसरी पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच पेलतो, तेव्हा भारी कार्ड घेतल्यास त्याच्यावर पडदा, स्पीकर, राउटर असे सगळे लटकवू नये.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र अनेकजण उगाच घेतात. खेळताना २५० वॅट ओढणारा कॉम्प्युटर चार तासांत एक युनिट खातो. रोज दोन तास खेळले तर महिन्याला १५ युनिट. अंधेरी-घाटकोपरकडे अदानी वा टाटाचे मीटर असो की मुलुंडला महावितरणचे, युनिट वाढले की वरच्या स्लॅबचा दर लागतो एवढे ध्यानात ठेवावे.

एसएसडी ‘एनव्हीएमई’ जातीची घ्यावी, किमान ५०० जीबी. जीटीए ५ सारखा एकच खेळ १०० जीबीच्या आसपास जागा खातो, म्हणून जमल्यास १ टीबी. मदरबोर्ड मध्यम घ्यावा, बी५५० किंवा बी६५० पुरेसा. मात्र त्याला मेमरीच्या चार नाही तरी दोन खाचा आणि कार्डाची एक पूर्ण लांबीची खाच असावी. दिवे, काचेची भिंत, रंगीत पंखे, पाण्याचे कूलर यांवर खर्च करणे निव्वळ इस्राफ आहे. डब्यातून प्रोसेसरबरोबर येणारा पंखा या कामाला पुरतो.

कॅबिनेटच्या बाबतीत आपल्या लोकांना एक खास सूचना करावीशी वाटते. साकीनाका, कुर्ला, बेहरामपाड्याकडे जेथे घराला लागूनच शिलाईचा कारखाना किंवा कटिंगचे टेबल असते, तेथे हवेत सुताची लव उडत असते. ही लव पंख्याच्या पात्यांत आणि हीटसिंकच्या फटीत नमद्यासारखी जमते, हवा अडते, प्रोसेसर तापतो आणि वेग आपोआप कमी करतो. मुलगा म्हणतो कॉम्प्युटर जुना झाला. खरे तर तो गुदमरलेला असतो. समोर जाळीचे, काढून झटकता येईल असे फिल्टर असलेले कॅबिनेट घ्यावे, ते जमिनीवर न ठेवता फूट-दीड फूट उंचावर ठेवावे, आणि महिन्यातून एकदा साफ करावे. पावसाळ्यात बरेच दिवस बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू राहिल्यास आतली ओल बसत नाही.

लॅमिंग्टन रोडवर

उपनगरांतही आता गल्लोगल्ली असेंबल करून देणारी दुकाने आहेत, आणि वॉरंटीची धावपळ कमी करायची तर जवळचे ओळखीचे दुकान चांगले. पण भाव समजून घ्यायला एकदा तरी लॅमिंग्टन रोडला जावे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. आता त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेस उतरले की चालत पोहोचता येते. अंधेरी-बोरिवलीकरांना धीम्या गाडीने थेट, मुलुंडकरांना दादरला गाडी बदलून, आणि घाटकोपरकरांना दादरमार्गे किंवा मेट्रोने अंधेरीला येऊन जाता येते. रविवार टाळावा, त्या दिवशी बहुतेक शटर खाली असतात. कामाच्या दिवशी सकाळी लवकर जावे.

तेथे भाव विचारताना ‘३०५० कार्ड कितीला?’ असे कधीही विचारू नये. कापडात ‘पॉपलीन कितीला?’ विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण ओळखतो. काउंट, पन्हा, मिल यांपैकी त्याला काहीच ठाऊक नसते. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची ८ जीबी व ६ जीबी अशी दोन कार्डे आहेत, आणि फरक फक्त मेमरीचा नाही, ६ जीबीवाल्याचे माग मुळातच कमी आहेत. आरएक्स ५८० या नावापुढे ‘२०४८ एसपी’ असे बारीक अक्षरांत असेल तर तो खरा ५८० नव्हे, त्याची ताकद धाकट्या ५७० च्या जवळची. तेव्हा कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि जीबी असे तिन्ही लिहून न्यावे व तिन्ही बिलावर उतरवून घ्यावेत. प्रोसेसर डबाबंद घ्यावा. ‘ट्रे’चा, म्हणजे सुटा, प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण डबाबंद मालाची तीन वर्षांची कंपनी वॉरंटी त्याला मिळत नाही.

बिलाचा प्रश्न येतोच. ‘बिल नको असेल तर १८ टक्के कमी’ हे वाक्य ऐकायला मिळेल. हे १८ टक्के सरकारचे आहेत, दुकानदाराने सूट म्हणून वाटायचे नाहीत. आणि पक्क्या बिलाशिवाय कार्डाची वॉरंटी मागायला गेल्यास सर्व्हिस सेंटर दारातूनच परत पाठवू शकते. याच्या उलट दुसरे टोक म्हणजे मुलाचा कॉम्प्युटर दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेऊन क्रेडिट उचलणे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे घरगुती वापराच्या वस्तूचे क्रेडिट मिळत नाही. कॉम्प्युटर खरोखर दुकानाच्या हिशोबालाही वापरला जाणार असेल तर जेवढा वापर धंद्याचा तेवढेच क्रेडिट घेता येते. याबाबत आपल्या सीएला विचारावे. आणखी एक बाजू फार थोड्यांना माहीत असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा धंद्यासाठी घेतलेल्या मालाला सहसा लागू होत नाही. पोटासाठी स्वतःच्या हाताने वापरणाऱ्याला त्यात मुभा आहे. म्हणजे फर्मच्या नावाचे बिल उद्या तक्रारीच्या वेळी आपल्याच आड येऊ शकते. घरच्या वापराचा माल मुलाच्या किंवा स्वतःच्या नावावर घ्यावा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

हजरत पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि खालची ओल बाहेर काढली, हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कॉम्प्युटरच्या ढिगातही हात घालता येतो. जोडणी आपल्या समोर करवून घ्यावी. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये एसएसडी आजवर किती तास चालली हे दिसते. ‘नवी’ म्हणून दिलेली एसएसडी हजार तास चाललेली निघाली तर ओल सापडली. खरा-खोटा माल ओळखण्यासाठी आपण धागा जाळून पाहतो, सुती असेल तर राख, पॉलिएस्टर असेल तर घट्ट गोळी. तसा हा धागा जाळण्याचाच प्रकार आहे, आणि प्रामाणिक दुकानदार त्याला कधी नाही म्हणत नाही.

विंडोजबाबतही दोन शब्द. चोरीची विंडोज ‘टाकून देतो’ असे सर्रास सांगतात. चोरीचा माल चोरीचाच, आणि त्यातून व्हायरस येतात ते वेगळे. पैसे नसतील तर लिनक्स फुकट आणि रीतसर आहे. स्टीमवरचे पुष्कळ खेळ त्यावर चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ऑफिसातून निघालेले जुने डेल-एचपी कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात, पण विंडोज ११ अधिकृतपणे हवी असेल तर इंटेलची निदान आठवी पिढी पाहावी. त्यांचा एसएमपीएस बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यात कार्डाची जोडणी नसते. तेथे वेगळी वायर न लागणारे आरटीएक्स ३०५० ६ जीबी हेच कार्ड सोयीचे, आणि पेटी बारीक असेल तर त्याची बुटकी आवृत्ती. अगदीच तंगी असेल त्याच्यासाठी हा मार्ग वाईट नाही.

दुसरा टप्पा

बीसी लागली, पैसा जमला, आता कार्ड. ५६००जी वाल्यांनी चार लेनचे कार्ड टाळावे. आरएक्स ६५०० एक्सटी हे त्यातले ठळक उदाहरण. या प्रोसेसरचा रस्ता जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३ चा आहे आणि चारच लेन मिळाल्यावर कार्ड तेथे अडखळते. त्यात मेमरीही फक्त ४ जीबी. आठ लेनची आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०, ५०६० ही कार्डे त्यामानाने बरी चालतात. इंटेलचे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले आर्क बी५८० कार्ड १२ जीबी मेमरी देते, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते आपला पूर्ण वेग दाखवत नाही. ते ८६००जी वाल्यांनी विचारात घ्यावे. नव्या कार्डात ८ जीबीपेक्षा कमी मेमरी शक्यतो नको, ३०५० ६ जीबीचा अपवाद वायरीच्या सोयीपुरता.

वापरलेले कार्ड घ्यायचे तर डोळे उघडे ठेवून. इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम १५ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले आणि त्यासाठी दिवसरात्र चालवलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. अशी कार्डे सगळीच खराब असतात असे नाही, पण पंखा खडखडणारे, सीलचा स्क्रू उघडलेले, नंबराचे स्टिकर खरवडलेले कार्ड हाती धरू नये. त्याहून वाईट म्हणजे नकली. जुन्या कार्डाचे आतले सॉफ्टवेअर बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय असल्याचे भासवले जाते. कॉम्प्युटरही तेच नाव दाखवतो. जीपीयू-झेड हा लहानसा फुकट प्रोग्राम चालवला की तो अशा पुष्कळ कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असा शेरा दाखवतो. पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतर फरमार्क नावाची चाचणी पंधरा मिनिटे लावून ठेवावी. चित्रात ठिपके किंवा रेघा आल्या, वा पडदा काळा झाला, तर कार्ड परत करून सलाम करावा.

कार्ड घरी बसवताना वीज बंद करून, खाच लॉक होईपर्यंत सरळ दाबून, एसएमपीएसची आठ पिनांची वायर पूर्ण आत जाईपर्यंत लावावी. मग पडद्याची वायर मदरबोर्डाच्या जुन्या जागेवरून काढून कार्डाच्या मागच्या खाचेत घालावी. ती मदरबोर्डावरच राहिली तर नवे कार्ड पेटीत बसून राहते आणि खेळ बहुधा पूर्वीच्याच प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिकवर चालत राहतो.